सोंग कुणी घ्यायचं?

मंडळी, फार दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये गुडघ्याने छळलं, मग पाहुणे होते, मग इंटरनेट बंद होतं. कारणं पुष्कळ सांगता येतील, पण खरं म्हणजे विषयच सुचत नव्हता. तो मागच्या रविवारी नातीने आणून दिला.

नात बी.ए.ला आहे, इंग्रजी घेऊन. (मी मराठी घेऊन बी.ए., तिची आई बी.कॉम., आणि ही इंग्रजी. पिढ्यांची ही चढण आहे की उतरण, ते ज्याचं त्याने ठरवावं.) रविवारी ती माझगावला माझ्याकडे येते, वालाचं बिरडं खाते आणि खिडकीत पाय वर घेऊन वाचत बसते. त्या दिवशी वाचता वाचता एकटीच खुदखुदत होती. विचारलं तर म्हणाली, "चॉसर." नाव मी ऐकलं होतं. आमच्या वेळी प्राध्यापकांनी 'इंग्रजी कवितेचा जनक' एवढं एक वाक्य सांगितलं आणि ते पुढे गेले होते. जनकाच्या कवितेत हसण्यासारखं काही असेल, अशी शंकाही तेव्हा आली नाही. नातीने मला मूळ पान दाखवलं. स्पेलिंग बघून म्हटलं, यापेक्षा माझी सातवीतली मुलं बरी लिहायची!

मग तिने गोष्ट सांगितली. लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर टॅबर्ड नावाची सराई. तिथे तीसेक यात्रेकरू जमतात. कॅंटरबरीला थॉमस बेकेट नावाच्या आर्चबिशपची समाधी होती, ११७० साली त्याला देवळातच मारलं होतं, तिच्या दर्शनाला सगळे निघालेले. वाट लांबची. सराईचा मालक म्हणतो, जाता-येता प्रत्येकाने गोष्टी सांगा, ज्याची गोष्ट उत्तम त्याला बाकीच्यांकडून जेवण. आपली वारीच म्हणा ना, फक्त घोड्यावरून आणि अभंगाऐवजी गप्पा मारत. त्यात सरदार आहे, पिठाची गिरणीवाला आहे, स्वयंपाकी आहे, वैद्य आहे. एक मठाची बाई आहे, ती जेवताना थेंब सांडू देत नाही आणि आपल्या कुत्र्यांना भाजलेलं मांस आणि दूध खाऊ घालते. एक पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकणारा आहे, तो डुकराची हाडं काचेत घालून संतांच्या अस्थी म्हणून दाखवतो. आणि एक पाच नवरे करून झालेली, कानाने थोडी बहिरी, तोंडाची फटकळ बाई आहे. नात तिच्यावरच हसत होती. चॉसरने १३८७ च्या सुमारास हे लिहायला घेतलं आणि १४०० साली तो वारला तेव्हा काम अपुरंच होतं. चोवीस गोष्टी हाती आहेत.

एवढं सांगून नात म्हणाली, "आजी, आपल्याकडे असं कुणी नव्हतं का गं? सगळ्यांची टर उडवणारं? आपले सगळे संतच!"

त्या 'संतच' मधला 'च' मला लागला. उठले, गुडघा कुरकुरला, तरी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची नाथांची गाथा काढली. पुठ्ठा सुटलेला, सुतळीने बांधलेली. म्हटलं, हे घे.

एकनाथ पैठणचे. जन्म १५३३, देह ठेवला १५९९ मध्ये. म्हणजे तिकडे शेक्सपिअर १५६४ साली जन्मला तेव्हा नाथ तिशीत होते. आपल्याला नाथ म्हटलं की नाथभागवत आठवतं, ज्ञानेश्वरीची १५८४ साली शुद्ध केलेली प्रत आठवते आणि गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्य पोराला कडेवर घेतल्याची गोष्ट आठवते. मी ती गोष्ट वर्गात किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी नाथांवर बोलपट काढला, बालगंधर्व नाथ झाले होते. त्याचं नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते 'धर्मात्मा' करावं लागलं. तर असे हे आपले शांतिब्रह्म. पण ह्याच माणसाने तीनशेच्या आसपास भारुडं लिहिली आहेत आणि त्यांत जी माणसं भरली आहेत ती टॅबर्डच्या सराईत मावणार नाहीत.

जोशी, वासुदेव, पांगुळ, पिंगळा, गोंधळी, भुत्या, वाघ्या, मुरळी, गारुडी, कोल्हाटीण, कैकाडीण, जंगम, फकीर, मानभाव, संन्यासी, महार. आंधळा, बहिरा, मुका. सासुरवाशीण, नवऱ्याला विटलेली बाई, वेड लागलेली बाई. शिवाय विंचू, एडका, कुत्रं आणि भूत. प्रत्येक जण स्वतःच्या भाषेत बोलतो. गावाच्या रस्त्यावरून सकाळपासून रात्रीपर्यंत जो जो जात असेल त्याला नाथांनी हात धरून कीर्तनात आणलं आणि बोलतं केलं. भारूड या शब्दाची फोड कुणी 'बहुरूढ' अशी करतात, तर कुणी म्हणतात, भारुंड नावाचा दोन तोंडांचा पक्षी असतो त्यावरून. मला दुसरी जास्त आवडते. भारुडाला दोन तोंडं असतातच. एक हसवतं आणि दुसरं सांगतं की हे सगळं देहाचं, मनाचं आणि देवाचं रूपक आहे.

आता गंमत बघा. नात म्हणाली की चॉसर पोटापाण्यासाठी लंडनच्या बंदरात जकातीच्या हिशेबावर होता. १३७४ साली त्याला ती नेमणूक मिळाली, लोकर आणि कातड्यांची जकात, आणि नोंदी स्वतःच्या हाताने लिहायच्या अशी अट. इकडे नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. नाथ त्यांच्याकडे हिशेब ठेवायचे आणि एका छोट्या नाण्याची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिव्याशी बसले, पहाटे सापडली तेव्हा टाळ्या पिटून नाचले, ही कथा तुम्हाला माहीत असेलच. आणि तिसरे हिशेबनीस म्हणजे आमचे दादा, माझे वडील. पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. दादा सांगायचे, गाठी मोजता मोजता माणसं आपोआप मोजली जातात. कोण माथाडी, कोण मुकादम, कोण साहेबाचा माणूस, कोण दारू पिऊन आलाय, ते मान वर न करता कळतं.

नाथांच्या काही भारुडांत तर कचेरीच अवतरते. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी अशी त्यांची नावंच आहेत. निजामशाहीच्या दरबारातली फारसी शब्दांनी लगडलेली सरकारी भाषा उचलायची आणि तिच्यात देवाकडे अर्ज करायचा, किंवा देवाच्या कचेरीतून जिवाला नोटीस काढायची! बाकी लागली, वसुली आली, आता पळून जाता येणार नाही. ज्यांनी कधी मामलेदार कचेरीत खेटे घातलेत त्यांना ह्यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही. संतांनी सरकारी भाषेची इतकी चांगली नक्कल केलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पण भारूड वाचायची चीज नव्हे. ते मी आमच्या घोडपदेवच्या चाळीत पाहिलं, १९५८-५९ च्या गणपतीत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. चाळीत भजनी मंडळ होतं. निम्मे गोदीतले, निम्मे गिरणीतले. पाचव्या रात्री भजन संपलं की 'सोंगी' भारूड व्हायचं. पेटी, पखवाज, टाळ आणि अंगणात एक पेट्रोमॅक्स. आमचे दादा वर्षभर घरात बोलायचे ते कामापुरतं. आई त्यांच्यासमोर मान वर करून उभी राहिलेली मला आठवत नाही. तर हे दादा त्या रात्री आईचं हिरवं लुगडं नेसून, कपाळावर आडवं कुंकू लावून सासुरवाशीण होऊन आले.

ते भारूड तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सून भवानीआईला रोडगा कबूल करते. रोडगा म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा जाड रोट. तेवढ्या एका रोटाच्या बदल्यात तिच्या मागण्या काय? सासरा परगावी गेलाय, तो तिकडेच संपू दे. सासू छळते, तिला ने. जाऊ फार बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचं पोर किरकिरतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी नवऱ्याचीच आहुती! एका रोडग्यात सगळं खानदान. देवाशी केलेल्या नवसाच्या सौद्याची इतकी टिंगल आज कुणी केली तर भावना दुखावल्या म्हणून मोर्चा निघेल.

मला आठवतं ते असं, की दादा सासूचं कडवं म्हणताना मुद्दाम माझ्या आजीपुढे गेले. त्यांची स्वतःची आई. ती पुढे पाटावर बसली होती. तिच्याकडे हात करून, डोळे मोठे करून म्हणाले. आजी आधी गप्प राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. बोळकं तोंड पदराने झाकून ती हसली आणि ते बघून मागे उभ्या असलेल्या चाळीतल्या सगळ्या सुना हसल्या. माझी आई नळाजवळच्या खांबाला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी आईला तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. लुगडं धुऊन दोरीवर, दादा ड्यूटीवर, आजी आईच्या भाजीत मीठ जास्त म्हणून बडबडत.

पुढे मी शिक्षिका झाले आणि भारूड शिकवू लागले. शिकवायची पद्धत ठरलेली. सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे कल्पना, नणंद म्हणजे वासना, ह्यांच्यापासून सुटून जीव जनार्दनाशी एकटा राहू इच्छितो. विंचू म्हणजे काम-क्रोध. (विंचवाचं भारूड शाहीर साबळ्यांच्या आवाजात घराघरांत पोचलेलं होतं. मुलं हसत वर्गात यायची आणि माझं विवेचन ऐकून गंभीर होऊन बाहेर जायची.) चुकीचं काही सांगत नव्हते. 'एका जनार्दनी' अशी सही करणाऱ्या माणसाला हाच अर्थ सांगायचा होता यात शंका नाही. पण परीक्षेत दोन गुणांसाठी 'सासू म्हणजे काय' हे लिहून घेताना मला नळाजवळची आई कधी आठवली नाही. ती कल्पनेवर हसत होती? नातीने त्या पाच नवऱ्यांच्या बाईचं वाचून दाखवलं, बायकांच्या दुष्टपणाची पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या नवऱ्याची पानं ती फाडते आणि त्याचा तडाखा कानावर खाऊन बहिरी होते, तेव्हा मला आई आठवली.

चॉसर आणि नाथ यांत फरकही पुष्कळ आहे. चॉसरची माणसं एकेकटी आहेत, त्यांना चामखीळ आहे, दातांत फट आहे, घोड्याचा रंग आहे. नाथांचा जोशी म्हणजे सगळे जोशी. चॉसरने शेवटी आपल्या थिल्लर गोष्टींबद्दल देवाची क्षमा मागितली आहे. नाथांना ती गरज पडली नाही, कारण दुसरं तोंड आधीपासून देवाचंच नाव घेत होतं. दोघांनीही वरच्यांची भाषा सोडून घरची घेतली हे मात्र सारखं. तिकडे फ्रेंच आणि लॅटिन, इकडे संस्कृत. नाथांना त्यापायी घरातूनच त्रास झाला. मुलगा हरिपंडित काशीला शिकलेला, त्याला बापाचं प्राकृत कीर्तन खपेना. चरित्रकार सांगतात, काही काळ नाथांनी मुलासाठी ते बंद केलं, हरिपंडित पुराण सांगू लागला आणि श्रोते घरी बसले! मला त्या श्रोत्यांचं कौतुक वाटतं.

आणि 'हिंदू-तुर्क संवाद'. त्यात एक ब्राह्मण आणि एक मुसलमान भर रस्त्यात एकमेकांच्या देवाधर्माची अशी धिंड काढतात की मी ते इथे सविस्तर लिहिणार नाही, उगीच कुणाच्या तरी संगणकातून धूर निघायचा. तुमचा देव दगडात कसा, तर तुमचा पश्चिमेलाच कसा, असं वाढत वाढत जातं. शेवटी दोघेही दमतात, हसतात आणि मिठी मारतात. सोळाव्या शतकात, सुलतानाच्या राज्यात, पैठणच्या ब्राह्मणाने लिहिलेलं आहे. भांडणात दोघांनाही सारखे गुण दिलेत, पेपर तपासणारी म्हणून सांगते.

हे सगळं मी नातीला सांगत गेले. ती खूश. तिने जोहार असं शीर्षक असलेलं पान उघडलं आणि विचारलं, "आजी, हे काय?" आणि मी म्हटलं, ते राहू दे, चहा टाकते.

ते का, हे आता इथे लिहिते. माझ्या जुन्या सहकारी हा ब्लॉग वाचतात, त्यांना कदाचित आठवेल.

नाथांची चाळीसहून जास्त भारुडं महाराच्या तोंडी आहेत. गावच्या वेशीवरचा वेसकर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो जोहार घालतो आणि मग गावकारभाराचा पंचनामा करतो. गाव म्हणजे शरीर, काम, क्रोध वगैरे मंडळी तिथले कारभारी, ह्यांनी काय काय खाल्लं, वसूल कुठे गेला, वरून बोलावणं आलं की तुम्ही काय उत्तर देणार? खालच्या पायरीवर उभा राहून वरच्या पायरीला खडसावणारं पात्र. सगळ्या भारुडांत अक्कल आणि धीटपणा याच्याकडे सगळ्यात जास्त.

साल १९८७. मी आमच्याच भागातल्या एका शाळेत होते. स्नेहसंमेलनात आठवीच्या वर्गाचा 'भारुडातली माणसं' असा कार्यक्रम बसवला. पात्रं मी एका दुपारी वर्गात उभ्या उभ्या वाटली. वासुदेव, गोंधळी, जोशी, जोहार, शेवटी विंचू. जोशी ज्याला दिला त्याचं आडनाव खरंच जोशी होतं आणि हा विनोद मला स्वतःलाच फार आवडला होता. जोहार दिला एका खड्या आवाजाच्या मुलाला. आवाज खडा होता हे खरं. पण खड्या आवाजाची वर्गात आणखी चार मुलं होती. हजेरीपटावर नाव असतं, आडनावही असतं. मी तेव्हा असं काही ठरवून केलं नाही, म्हणजे ठरवावंही लागलं नाही.

मुलगा काही बोलला नाही. काठी घेऊन दोन तालमीही केल्या. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे वडील आले. गोदीत होते, रात्रपाळी करून थेट आलेले.

"बाई, भांडायला नाही आलो. एकच विचारायचं होतं. जोहार म्हणजे काय ते पोराला सांगितलंत का?"

मी म्हटलं, जुन्या काळचा नमस्कार. रामरामसारखा.

"रामराम दोन्हीकडून होतो," ते म्हणाले. "जोहार एकाच बाजूने."

मग त्यांनी सांगितलं, तेही आवाज न चढवता. त्यांचे आजोबा साताऱ्याकडच्या एका गावात वेसकर होते. पायातलं हातात घेऊन, वाकून जोहार घालायचे. बाबासाहेबांच्या चळवळीत तो शब्द त्यांच्या घरातून गेला, जय भीम आला. १९५६ साली सगळं घर बौद्ध झालं. वतन १९५८ च्या कायद्याने सुटलं. "आणि आता तुम्ही माझ्या पोराला स्टेजवर उभा करून तोच शब्द म्हणायला लावताय."

मी घाबरले नव्हते, पण दुखावले होते. नाथांची बाजू मांडू लागले. हे रूपक आहे, ह्यातला महारच सगळ्यात शहाणा आहे, तो पाटलाला सुनावतो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "असेल की. मग इतकं शहाणं सोंग दुसऱ्या कुणाला द्यायला काय हरकत आहे? नाथ ब्राह्मणच होते ना? त्यांनी स्वतः घेतलं."

मला उत्तर आलं नाही. तास सुरू झाल्याची घंटा वाजली, तिने वाचवलं.

वर्गात जाऊन मी विचारलं, "जोहार कोण करणार?" वासुदेवासाठी अकरा हात वर आले होते. विंचवाने नाचायला तर निम्मा वर्ग तयार होता. जोहाराला एकही हात वर झाला नाही. चौदा वर्षांची पोरं, रूपक वगैरे काही माहीत नसलेली. खाली बघत बसली. कुणी शिकवलं होतं त्यांना? तेवढ्यात तोच मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, मी जोशी करू?" आडनावाने जोशी असलेला मुलगा लगेच म्हणाला, "घे, मला वासुदेवाची टोपी पाहिजे." मोरपिसांच्या टोपीपुढे त्याला कुठलंच आडनाव मोठं नव्हतं.

बरीच वर्षं मी हा प्रसंग, गैरसमजातून माझं एक चांगलं पात्र कापलं गेलं, असाच मनात ठेवला होता. निवृत्तीनंतर बाबासाहेबांचं 'जातिव्यवस्थेचं निर्मूलन' नीट वाचलं. लाहोरच्या मंडळासाठी १९३६ साली तयार केलेलं आणि होऊ न शकलेलं ते भाषण. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका करताना ज्ञानदेव, तुकाराम अशी नावं पुढे केली. बाबासाहेबांनी दिलेलं उत्तर पुढच्या आवृत्तीत छापलं आहे. संतांनी देवाच्या दृष्टीने माणसं समान आहेत असं म्हटलं, माणसाच्या दृष्टीने माणूस समान आहे यासाठी ते लढले नाहीत, असं ते म्हणतात. आणि तिथे नाथांचं उदाहरण आहे! नाथ अस्पृश्यांना शिवले, त्यांच्यात जेवले, पण तो विटाळ गंगेच्या स्नानाने जातो असं ते मानत होते, म्हणून. आधार कुठला, तर नाथभागवतातलीच ओवी. पुस्तक मिटलं आणि वाळवंटातल्या पोराची गोष्ट आठवली. पोराला कडेवर घेऊन नाथांनी घरी पोचवलं, एवढं आपण सांगतो. घर गावाबाहेरच होतं, हे आपण सांगत नाही.

पैठणला मी एकदाच गेले, १९९४ साली. वर नाथसागर तुडुंब आणि घाटाखाली पात्र कोरडं. त्या वाळूत उभी राहिले होते थोडा वेळ. चॉसर स्वतःच्या कवितेत स्वतःच एक यात्रेकरू होऊन येतो, नातीने सांगितलं, आणि इतकी रटाळ गोष्ट सांगतो की सराईचा मालक त्याला मध्येच गप्प बसवतो. स्वतःवर हसून घेतलं की दुसऱ्यावर हसायचा परवाना मिळतो, असं असेल. नाथांनी त्याहून अवघड काही केलं. कीर्तनात गावातले शास्त्री, जोशी, कुलकर्णी समोर बसलेले असताना त्यांच्यातलाच एक माणूस म्हणतो, मी वेशीवरचा, आणि जोहार घालून त्यांना जाब विचारतो. कीर्तन संपल्यावर तो घरी परत ब्राह्मणाच्या वाड्यात जातो, हे खरं. पण त्या घटकेपुरतं समोरच्यांना कुठे बघावं ते कळलं नसेल. मी मात्र ते सोंग ज्याचं त्याला परत दिलं होतं. १९८७ च्या त्या वर्गात एकही हात वर नसताना, मी स्वतः घोंगडी घेऊन उभी राहावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी हेडमास्तर काय म्हणतील असं वाटून मी गप्प बसले असते, हेही लिहून टाकते.

कार्यक्रम झाला. वासुदेव टोपी सावरत सावरत गाऊन गेला. जोहाराच्या जागी आम्ही दोन मिनिटं पडदा पाडून नुसती पेटी वाजवली. मग जोशी आला. धोतर, उपरणं, लाल फडक्यात गुंडाळलेलं कालनिर्णय. त्याने प्रेक्षकांत उतरून भविष्यं सांगायला सुरुवात केली, त्यातलं अर्धंअधिक नाथांनी लिहिलेलंच नव्हतं. प्रमुख पाहुण्यांना म्हणाला, यजमान, तुमचं भाषण लांबणार असा योग आहे. दक्षिणा दोनदा मागितली. मग पेटीशेजारी बसलेल्या माझ्याकडे वळला, बोटं मोजली, पंचांग उलटं धरलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "ह्या बाईंना पुढच्या वर्षी कान फार जपावे लागतील. पोरं बोलायला लागणार आहेत."

हॉल फुटला हसून. मीही हसले. दाराशी त्याचे वडील उभे होते, डबा हातात, रात्रपाळीला निघालेले. तेही हसत होते.

चहा होईपर्यंत नातीने ते पान वाचून संपवलं होतं. आता पुढच्या रविवारी येऊन विचारणार आहे म्हणे.